कारखान्याचें दान आणि कारखान्याचें देणें

जुन्नर शहराभोंवतालच्या डोंगरांतील लेणीं पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा खांब, चैत्य व विहार पाहून परत फिरतो. भिंतींवरील ब्राह्मी लेखांकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. परंतु त्या लेखांत एक मोठी बोधप्रद हकीकत नोंदलेली आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणांतील बंदरांवर उतरलेला माल नाणेघाटानें देशावर चढत असे, आणि जुन्नर ही व्यापाराची व कारागिरीची भरभराटलेली पेठ होती. येथील धंदेवाल्यांच्या संघटनांस त्या काळीं श्रेणी म्हणत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें भिक्षूंसाठीं सात खोल्यांचें लेणें व त्याच्या जोडीला पाण्याचें टांकें दिलें, असें एक लेख सांगतो. बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठीं ठेव ठेविली होती, असें दुसऱ्या लेखावरून दिसतें. तिसऱ्या लेखांत तर एका शक उपासकानें करंजाचीं व वडाचीं झाडें लावण्यासाठीं शेतांचें उत्पन्न एका श्रेणीकडे सोंपविल्याची नोंद आहे. 

धंद्यांत मिळविलेल्या धनाचा कांहीं वाटा भोंवतालच्या समाजास द्यावा, ही कल्पना म्हणून या मातीस नवी नाहीं. यंत्रयुगांतही ती टिकून राहिली. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर कारखाना नेला, तेव्हां कारखान्याबरोबर किर्लोस्करवाडी ही वस्तीही उभी राहिली. अशा कामांस पूर्वीं दानधर्म म्हणत. हल्लीं त्यांस ‘कंपन्यांचें सामाजिक उत्तरदायित्व’ असें भारदस्त नांव मिळालें असून व्यवहारांत ‘सीएसआर’ या आद्याक्षरांनीं तें ओळखलें जातें.

भारतानें या दानास कायद्याचें रूप दिलें. २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अंमलांत आलें. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटि रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटि रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये, यांपैकीं कोणत्याही एका मर्यादेस पोंचतो, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं निदान शेंकडा २ इतकी रक्कम लोकोपयोगी कामांवर खर्च केली पाहिजे, असें तें कलम सांगतें. शिक्षण, आरोग्य, पिण्याचें पाणी, ग्रामसुधारणा, पर्यावरणाचें रक्षण इत्यादि कामांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टांत दिली आहे. आणि कारखाना ज्या भागांत असेल त्या भागास प्राधान्य द्यावें, असेंही म्हटलें आहे. पुणें जिल्ह्यांत याचा प्रत्यय पाहावयाचा तर चाकणसारख्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास पाहावा. तेथील मोठ्या कंपन्यांच्या अहवालांतून शाळेच्या खोल्या, बंधारे, दवाखाने आणि वृक्षारोपण यांचीं छायाचित्रें दरवर्षीं झळकतात.

या कायद्याखालीं केलेल्या नियमांत मात्र एक लहानसें कलम आहे, आणि सारा विषय समजून घेण्याची किल्ली त्यांतच आहे. कंपनी आपल्या नेहमींच्या धंद्याच्या ओघांत जें काम करते, तें सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चांत धरतां येत नाहीं, असें तें सांगतें. कारखान्यानें आपल्या धुराड्यावर राख धरणारें यंत्र बसविलें किंवा आपलें सांडपाणी शुद्ध केलें, तर तें दान होत नाहीं. १९७४ चा जलप्रदूषणाचा, १९८१ चा वायुप्रदूषणाचा आणि १९८६ चा पर्यावरणरक्षणाचा, या कायद्यांनीं तें त्याच्या माथीं असलेलें देणेंच होय. ज्या गृहस्थानें आपल्या घरचें खरकटें रोज शेजाऱ्याच्या दारांत टाकावें आणि दिवाळीस त्याच शेजाऱ्याकडे फराळाचें ताट पाठवावें, त्याच्या ताटाचें कौतुक शेजारी किती करील? दान आणि देणें हीं दोन निराळीं खातीं आहेत. एकाची जमा दुसऱ्यांत दाखविली कीं हिशेब खोटा झाला.

हा भेद तपासून पाहण्यास जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांइतकें चांगलें क्षेत्र विरळा. पश्चिमेस सह्याद्रीचा माथा, तेथें धोधो पाऊस. पूर्वेकडे उतरत गेलें कीं अवघ्या दीड-दोन मजलांत कोरडवाहू मुलूख लागतो. या उतारावरून कुकडी, मीना व घोड या नद्या वाहतात व शेवटीं घोडेच्या रूपानें भीमेस मिळतात. कुकडी प्रकल्पांतील माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे या पांच धरणांनीं हें पाणी अडविलें, कालवे निघाले, आणि बाजरी-मठाच्या शेतांत ऊस उभा राहिला. ऊस आला तसे साखर कारखाने आले. जुन्नर तालुक्यांत शिरोली बुद्रुक येथें निवृत्तीनगरला श्री विघ्नहर सहकारी साखर कारखाना आणि आंबेगांव तालुक्यांत पारगांवजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना, असे दोन कारखाने या भागांतील उसाचें गाळप करतात. साखरेच्या जोडीला सहवीजनिर्मितीचे प्रकल्पही त्यांनीं उभारले आहेत.

हे दोन्ही कारखाने सहकारी आहेत, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची. महाराष्ट्रांतील सहकारी कारखाना १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालीं नोंदलेला असतो. तो कंपनी नव्हे. त्यामुळें शेंकडा २ चें कलम त्यास लागूच पडत नाहीं. यावरून सहकारी कारखान्यावर समाजाचें कांहीं ऋण नाहीं असा अर्थ कोणी काढील तर तो चुकेल. कंपनीचा भागधारक मुंबईस किंवा परदेशांत असूं शकतो. कारखान्याच्या धुरानें त्याच्या अंगणांतील तुळस काळी होत नाहीं. सहकारी कारखान्याचा सभासद मात्र एकाच वेळीं मालक आहे, ऊस पुरविणारा आहे, आणि कारखान्याच्या खालच्या अंगास ज्याची विहीर आहे असा शेजारीही आहे. सहकाराच्या जागतिक संघटनेनें १९९५ सालीं ठरविलेल्या सात तत्त्वांत समाजाविषयींची आस्था हें सातवें तत्त्व आहे. सभासदानें तें पुस्तकांतून शिकण्याची आवश्यकता नाहीं. त्याच्या विहिरीचें पाणीच त्यास तें शिकवितें.

आतां देण्याचें खातें उघडून पाहूं. दसरा-दिवाळीच्या सुमारास गव्हाणींत मोळी पडते आणि गाळप सुरू होतें. एक टन ऊस, म्हणजे १,००० किलो, गव्हाणींत गेला असतां त्यांतून निघतें काय? साखर निघते साधारण १०० ते ११५ किलो. बाकीच्या मालांत सुमारें ३०० किलो ओलें चिपाड असतें, ज्यास कारखान्यांत बगॅस म्हणतात. सुमारें ४० ते ४५ किलो मळी असते. रस शुद्ध करतांना खालीं बसणारा ३० ते ४० किलो गाळ असतो, त्यास प्रेसमड म्हणतात. उरलें तें पाणी. कारण मुळांत उसाच्या वजनांत शेंकडा सत्तरच्या आसपास पाणीच असतें. याचा अर्थ असा कीं ज्या मालासाठीं कारखाना ओळखला जातो, तो माल आंत आलेल्या वस्तूचा नववा-दहावा हिस्सा आहे. उरलेल्या नऊ हिश्श्यांचें काय करावयाचें, हा प्रश्न ज्यानें नीट सोडविला तो कारखाना शेजाऱ्यास सुखाचा. ज्यानें सोडविला नाहीं तो शेजाऱ्यास जाचाचा.

प्रथम चिपाड. जुन्या काळीं चिपाड ही कारखान्यास अडगळ वाटे. कमी दाबाच्या बॉयलरांत तें कसेंबसें जाळून रस आटविण्यापुरती वाफ काढावयाची, आणि उरलेल्या ढिगाची आगीपासून राखण करावयाची, असा प्रकार होता. तेव्हांचे बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या दाबाची वाफ करीत. पुढें ६७, ८७ व ११० किलो दाबाचे बॉयलर आले. जास्त दाबाची वाफ प्रथम टर्बाइन फिरवून वीज उत्पन्न करते, आणि दाब उतरलेली तीच वाफ मग रस आटविण्याच्या कामीं येते. एकाच इंधनाचीं दोन कामें होतात, म्हणून यास सहवीजनिर्मिती म्हणतात. कारखान्याची स्वतःची गरज भागवून चांगल्या व्यवस्थेंत टन उसामागें शंभराच्या आसपास युनिटें बाहेर विकतां येतात. चिपाड जाळतांना जो कर्बवायु निघतो, तो उसानें वाढतांना हवेंतूनच घेतलेला असतो. दगडी कोळशाप्रमाणें जमिनीच्या पोटांत गाडलेला कर्ब त्यामुळें नव्यानें हवेंत जात नाहीं. मात्र धुराबरोबर उडणारी बारीक राख पाण्याच्या फवाऱ्यानें किंवा विद्युद्भारानें धरून ठेवावी लागते. ती धरली नाहीं तर ती गांवांतील वाळवणावर, द्राक्षांच्या मांडवांवर व मुलांच्या श्वासांत उतरते.

टाकाऊ वस्तूंतून उपयुक्त वस्तु काढण्याची ही विद्या जुन्नरला परकी नाहीं. पेशवाईच्या दप्तरांत जो जुन्नरी कागद आढळतो, त्याचा लौकिक मोठा होता. हातकागदाच्या धंद्याचा कच्चा माल म्हणजे जुनीं गोणपाटें, दोरखंडें आणि चिंध्या. ज्या वस्तूचें कोणास कांहींच मोल नाहीं, तिच्यावर राज्याचे हिशेब व वतनांचे कागद लिहिले गेले. चिपाडापासूनही कागद होतो, आणि भारतांत तो मोठ्या प्रमाणावर केला जातो. चिपाड जाळून वीज करावी कीं त्याचा कागद करावा, हा प्रश्न बाजारभावाचा आहे. तें कुजूं देऊं नये, एवढें मात्र निर्विवाद.

दुसरी वस्तु मळी, आणि खरी परीक्षा येथेंच आहे. मळी आंबवून आसवनींत तिचें ऊर्ध्वपातन केलें म्हणजे मद्यार्क निघतो. टनभर उसाच्या मळींतून साधारण दहा लिटर मद्यार्क मिळतो. पण प्रत्येक लिटरमागें आठ ते बारा लिटर तपकिरी, उग्र वासाचें पाणी मागें राहतें. त्यास स्पेंटवॉश म्हणतात. म्हणजे टनभर उसामागें शंभरएक लिटर स्पेंटवॉश. याचा दोष विषारीपणांत नसून भुकेंत आहे. त्यांतील सेंद्रिय पदार्थ कुजूं लागले कीं पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतात. ही भूक मोजण्याचें माप आहे. शहराच्या गटारींतील पाण्याच्या लिटरमागें तें दोनतीनशें मिलिग्रॅम भरतें, तर स्पेंटवॉशच्या लिटरमागें चाळीस-पन्नास हजार. असें पाणी ओढ्यांत सुटलें कीं मासे गुदमरून वर येतात. जमिनींत मुरलें तर विहिरीचें पाणी लालसर होऊन पिण्यास निरुपयोगी ठरतें. म्हणून २००३ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें उद्योगांबरोबर जी सनद केली, तिच्यांत आसवनीचें हें पाणी नदीनाल्यांत अजिबात जाऊं नये, असें ठरविलें.

हें साधावयाचें कसें? पहिली पायरी अशी कीं बंद टाकींत जंतूंकडून स्पेंटवॉश पचवून घ्यावयाचा. त्यांतून गोबरगॅससारखा जळाऊ वायु निघतो व तो बॉयलरांत जाळतां येतो. पचल्यानंतर जें उरतें तें प्रेसमडच्या लांबलचक ढिगांवर शिंपडून, ढीग वारंवार उलथेपालथे करून, कांहीं आठवड्यांत कंपोस्ट खत होतें. कारखान्याचे दोन उपद्रव एकमेकांस मिळवून त्यांचें एक खत करावयाचें, ही युक्ति साधी असली तरी मोलाची. तिच्यांत एक अट आहे. ढिगाखालची जमीन पक्की असली पाहिजे आणि पावसाळ्यापूर्वीं काम संपलें पाहिजे. नाहीं तर पावसाबरोबर सारा अर्क ओढ्याला जातो. दुसरा मार्ग म्हणजे स्पेंटवॉश आटवून दाट करावयाचा व खास बॉयलरांत जाळावयाचा. त्याच्या राखेंत पोटॅश असतें. भारतास लागणारें पोटॅश खत परदेशांतून आणावें लागतें. तेव्हां शेंकडा साडेचौदा पोटॅश असलेली ही राख खत म्हणून विकण्यास सरकारनेंही उत्तेजन दिलें आहे. उसानें जमिनींतून उचललेलें द्रव्य जमिनीस परत, असा हा फेरा पुरा होतो.

तिसरी वस्तु पाणी. उसांतच शेंकडा सत्तर पाणी आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नीट चालविलेल्या साखर कारखान्यास साखरेपुरतें तरी नदीच्या पाण्याची फारशी गरज पडूं नये, असें दिसून येईल. रस आटवितांना जी वाफ उठते, ती थंड करून तेंच पाणी बॉयलरास, धुण्यास व थंडाव्यास पुनःपुन्हां वापरतां येतें. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, जी १९७५ सालीं स्थापन झाली, तिच्यासारख्या संस्थांनीं हें शास्त्र कारखान्यांच्या दारापर्यंत नेऊन पोंचविलें आहे. ज्ञान हाताशीं आहे, यंत्रें बाजारांत आहेत. प्रश्न उरतो तो हिशेबाचा व इच्छेचा.

येथवर जें सांगितलें तें कारखान्याच्या फाटकाच्या आंतलें. परंतु फाटकाच्या आंत सर्व कांहीं स्वच्छ असलें तरी फाटकाबाहेर देणें शिल्लक राहूं शकतें. कारखान्याच्या गाळपाची भूक जितकी मोठी, तितकें उसाचें रान मोठें, आणि ऊस हें तहानलेलें पीक आहे. आडसाली ऊस दीड वर्ष शेतांत उभा असतो. कुकडीचे कालवे जुन्नर-आंबेगांवपाशीं थांबत नाहींत. पारनेर, श्रीगोंदें, कर्जत व करमाळा या तालुक्यांचे डोळेही त्यांच्याकडेच लागलेले असतात, आणि उन्हाळी आवर्तनावरून दरवर्षीं वाद होतात. त्या टोंकाच्या शेतकऱ्यानें विघ्नहरला किंवा भीमाशंकरला ऊस घातलेला नाहीं. तो सभासद नाहीं. तरीही वरच्या उसास पाटानें मोकाट पाणी दिलें गेलें कीं ठिबकनें मोजून, याच्यावर त्याची ज्वारी अवलंबून आहे. तेव्हां उसाच्या शेतांत ठिबक आणण्यास आणि पाचट न जाळतां सरींत पसरण्यास कारखान्यानें जो हात द्यावा, तो उपकार नव्हे. एका हेक्टरांत आठ-दहा टन पाचट निघतें. जाळलें तर त्याचा धूर होतो, पसरलें तर ओल टिकते व माती सुधारते.

इथेनॉलच्या कथेंतूनही हाच धडा मिळतो. २००३ पासून पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचा उपक्रम सुरू झाला. २०१८ च्या जैवइंधन धोरणानें मळीबरोबरच उसाच्या रसापासूनही तें करण्यास वाव दिला, आणि २०२५ सालीं मिसळीचें प्रमाण शेंकडा २० वर पोंचलें. शहरांतील मोटार त्यामुळें कांहीं अंशीं उसावर चालूं लागली, व परदेशी तेलाचा खर्च तितका वांचला. परंतु पाऊस ओढ खातांच ७ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारला रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावा लागला. पुढें २०२४ सालीं तो उठविला गेला. ज्या इंधनास आपण हिरवें म्हणतों, त्याचा हिरवेपणा अखेर पर्जन्यावर आणि धरणांतल्या साठ्यावर टेंकलेला आहे, हें त्या वर्षानें दाखवून दिलें.

धरणांचा उल्लेख झाला म्हणजे आणखी एक खातें उघडावें लागतें. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं आंबेगांवच्या पश्चिम भागांतील महादेव कोळी आदिवासींच्या जमिनी गेल्या. ज्या गांवाचें नांव तालुक्यास आहे, तें जुनें आंबेगांवच पाण्याखालीं आहे. तालुक्याची कचेरी घोडेगांवला आहे. तेथील कांहीं कुटुंबांनीं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या काठावर गाळपेर करून व जलाशयांत मासेमारी करून पोट भरण्याचा मार्ग काढला. पूर्वेकडील उसाचा गोडवा पश्चिमेकडील या बुडालेल्या शेतांतून आलेला आहे. कारखान्यानें ती जमीन बुडविली नाहीं हें खरें; पण तिच्या बुडण्याचा लाभ ज्यास झाला, त्यानें त्या वाड्यांतील शाळा, दवाखाना व पिण्याचें पाणी यांच्याकडे पाहावें, हें न्यायाला धरून आहे. दानाचा पैसा कोठें खर्चावा असा प्रश्न पडेल तेव्हां पहिली दिशा ही.

सभासद नसलेला दुसरा माणूस म्हणजे ऊसतोड मजूर. बीड, अहिल्यानगर आदि जिल्ह्यांतून मजुरांच्या जोड्या हंगामाला येतात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसाला अवजाराचेंच नांव! मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडावरून फडावर जावयाचें आणि पाचटाच्या कोपींत राहावयाचें. बरोबर आलेल्या मुलांची शाळा बुडते. बायकांना न्हाणी नाहीं, शौचकूप नाहीं. त्यांच्यासाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें कल्याण महामंडळ निघालें असून कारखान्यांनीं टनामागें १० रुपये व तितकीच भर सरकारनें घालावी, अशी योजना आहे. कांहीं कारखान्यांच्या आवारांत साखरशाळाही चालल्या. परंतु मजूर कागदोपत्रीं कारखान्याचा नोकर नसतो, मुकादमाचा असतो. आणि हा कागदाचा पडदा पुढें करून त्याची जबाबदारी टाळतां येते. कारखान्यांत नवें यंत्र आणणें सोपें. हा पडदा दूर करणें कठीण. सामाजिक उत्तरदायित्वाचा कस लागतो तो येथें.

या मुलखांतला एक शेजारी तर मनुष्यही नव्हे. दाट ऊस बिबट्याला लपावयास व पिल्लें घालावयास सोईचा झाला, आणि गांवची कुत्रीं, शेळ्या, वासरें त्याचें भक्ष्य झालीं. २००१ ते २००३ या काळांत जुन्नर वनविभागांत माणसांवर अनेक हल्ले झाले. पकडलेले बिबटे दूरच्या रानांत सोडून देण्याचा उपाय उलट हल्ले वाढविणारा ठरला, असा निष्कर्ष या भागांत अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय प्रभृति संशोधकांनीं काढला. माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा केंद्र आहे, आणि तोडणींत सांपडलेलीं पिल्लें पुन्हां आईजवळ पोंचविण्याचें काम वनखातें व स्वयंसेवक करतात. पहांटेच्या अंधारांत फडांत वांकून प्रथम शिरतो तो मजूर. तोडणीचा कार्यक्रम कारखाना आंखतो. तेव्हां मजुरांस उजेड, सोबत व सुरक्षित निवारा मिळाला पाहिजे, ही काळजीही त्यानेंच वाहावयास हवी.

या सर्वांवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. कारखान्याजवळ पैसा कोठें आहे? साखरेचा भाव पडतो, बँकेचें कर्ज डोक्यावर असतें, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्यास रास्त व किफायतशीर दर द्यावा लागतो. न दिल्यास शेंकडा १५ व्याज. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. शेतकऱ्याचें बिल वेळेवर देणें हें पहिलें देणें, यांत शंका नाहीं. तथापि वर वर्णिलेल्या युक्त्या नीट पाहिल्या तर त्यांचे दोन वर्ग पडतात. वीज, इथेनॉल, खत व पोटॅश या वर्गांत स्वच्छता आणि उत्पन्न हातांत हात घालून चालतात. तेथें पैसा लावण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. दुसऱ्या वर्गांत राख धरणें, विहिरींचें पाणी तपासणें, मजुरांस निवारा देणें या गोष्टी येतात. त्यांतून एक पैही परत येत नाहीं. पहिल्या वर्गाचें कौतुक समारंभांत होतें. कारखान्याची नियत मात्र दुसऱ्या वर्गावरूनच ओळखावी.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. सहकारी कारखान्यांत लोकोपयोगी कामांसाठीं उसाच्या बिलांतून कपात करण्याची पद्धत आहे. शाळा-महाविद्यालयें, दवाखाने, देवळांचे जीर्णोद्धार अशा पैशांतून पुष्कळ ठिकाणीं झाले, व त्यांतलीं बरींच कामें उत्तम आहेत. परंतु तें दान करणारा कोण? ज्याच्या बिलांतून टनामागें रुपये कापले गेले तो शेतकरी. कोनशिलेवर नांव मात्र दुसऱ्याचें असतें. जुन्नरच्या लेण्यांतील लेख या बाबतींत अधिक सरळ होते. टांकें श्रेणीनें दिलें, तर नांव श्रेणीचेंच कोरलें.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा या हिशेबाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. चहांतील साखर, घरांतील वीज, वाहनांतील इंधन आणि बागेंतील खत, या चारही वाटांनीं ऊस त्यांच्या घरांत शिरलेला आहे. अनेकांजवळ कंपन्यांचे भाग आहेत. अनेकांचीं शेतें गांवीं आहेत व भाऊबंद कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक अहवाल त्यांच्या हातांत येतो. तो वाचतांना शेवटच्या पानांवरील छायाचित्रें पाहून थांबूं नये. तीन प्रश्न विचारावे. कारखान्यानें वर्षांत नदीचें किंवा कालव्याचें पाणी किती घेतलें, आणि किती, कोणत्या स्थितींत परत सोडलें? गव्हाणींत आलेल्या प्रत्येक टनांतील साखरेखेरीज इतर नऊ हिस्से कोठें गेले? आणि जे सभासद नाहींत, भागधारक नाहींत, मतदारही नाहींत, पण ज्यांच्या अंगावर, पाण्यांत वा कष्टांत कारखान्याची छाया पडते, त्यांच्या नांवें काय जमा झालें?

या तीन प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांनीं देणारा कारखाना, मग तो सहकारी असो वा खासगी, आपलें देणें फेडीत आहे असें खुशाल समजावें. त्यानें त्यापुढें एखादी शाळा बांधली किंवा रस्त्याच्या कडेला वडाचीं झाडें लावलीं, तर त्यास दान हें नांव शोभेल, आणि घेणाऱ्यासही तें मान वर करून घेतां येईल.